दोन मुके डबे

उल्मसचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

पडद्यावर तो अगदी समोर बसला होता. पाठीमागे लोखंडी भिंत, भिंतीत गोल खिडकी, खिडकीत राखाडी पाणी वर-खाली होतंय. पोरगं वाळलं होतं, दाढी तेवढी भरली होती. त्यानं हसून पाहिलं, कान खाजवला, बोलायला लागला. बोलता बोलता मान खाली घातली, पुन्हा वर केली, छातीवर हात ठेवला, आणि चित्र संपलं. कॉम्प्युटरच्या दोन्ही अंगांना दोन काळे स्पीकर दरबारातल्या चोपदारांसारखे ताठ उभे होते. चोपदारांनी चकार शब्द काढला नाही.

"परत लावा," त्याची आई रिसोलत म्हणाली.

बापानं, हैदरअलींनी, परत लावलं. पोरगं परत हसलं, परत कान खाजवला, परत मुक्यानंच बोललं.

मर्गिलानसारख्या गावात पाणी म्हणजे तुतीच्या झाडांखालून वाहणारा पाट. तिथला मुलगा थेट उत्तरेच्या समुद्रात मासेमारीच्या जहाजावर का गेला, हे विचारू नये. पोरं जातात. वारा जातो तशी जातात, आणि मागे दारं वाजत राहतात. जहाज बंदराला लागलं तरच फोन, आणि फोनमध्ये पोरापेक्षा समुद्रच जास्त बोलायचा. गेल्या खेपेला "शरदात करार संपतोय, येतो की नाही ते…" एवढं ऐकू आलं, मग खरखर, मग "सगळं डिस्कवर सांगितलंय, गावचा माणूस परत येतोय, त्याच्या हाती पाठवतो," आणि फोन तुटला. डिस्क आली. येणार की नाही, ते तिच्यात होतं. ताटात वाढलेलं होतं, पण तोंडापर्यंत येत नव्हतं.

आणि हे कुणाच्या घरात घडावं? तर हैदरअलींच्या. ज्यांनी उभी हयात मर्गिलानच्या थेटरात सिनेमाची मशीन चालवली, नट्यांना गळा दिला, खलनायकांना खोकला दिला, त्यांच्या. फीत तुटली आणि पडदा मुका झाला की अख्खं थेटर शिट्ट्या मारून ओरडायचं, "उस्ताद, आवाज!" आणि हैदरअली वरच्या खोलीतून मोजक्या श्वासांत आवाज परत आणायचे. थेटराचा आता लग्नाचा हॉल झाला होता. पण गल्लीत त्यांना अजून उस्तादच म्हणत, आणि ते अजून, कुणी पाहत नसलं तरी, उस्तादासारखेच चालत.

त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, खालच्या कोपऱ्यातलं भोंग्याचं चित्र तपासलं. भोंगा उघडा होता. आवाजाची पट्टी वर ढकलली. स्पीकरचा दिवा हिरवा होता. मागची वायर काढून फुंकर मारली, परत खोचली. खिशातला रेडिओ स्पीकरांना जोडून पाहिला, तर डबे खणखणीत गायला लागले. म्हणजे डबे मुके नव्हते. डब्यांना उल्मसशीच बोलायचं नव्हतं.

"वरची झूल काढून बघू का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

कॉम्प्युटरच्या पेटीला रिसोलतनं जांभळ्या मखमलीची झूल शिवली होती. बटण आणि डिस्कचं तोंड तेवढं उघडं, बाकी पेटी बुरख्यात. उल्मस गेला त्या दिवशी तिनं घर झाडलं नव्हतं. गेलेल्याच्या मागे झाडू फिरवला की त्याची परतीची वाट पुसली जाते, हे कुणाला सांगायला लागत नाही. पण इतर बायका दुसऱ्या दिवशी झाडू हातात घेतात. रिसोलतनं झाडू घेतला तो उल्मसच्या टेबलाला वळसा घालून. त्याचा पेला जिथं होता तिथं, त्याची टोपी होती तिथं. निघायच्या घडीलाही तो कॉम्प्युटरपाशीच होता, तिथंच तिनं तंदूरची गरम रोटी त्याच्यापुढे धरली. पोरानं कानातल्या वायरी उपटून टेबलावर टाकल्या आणि एक घास तोडला. बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. उरलेली रोटी पांढऱ्या फडक्यात बांधून तिनं टेबलामागच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगली, भरतकामाच्या पडद्याच्या काठाशी. आला की तोच पुरी करील.

"झुलीला हात लावायचा नाही," रिसोलत म्हणाली. "आणि अहो, एक सांगू का? मघाशी तो बोलत होता ना, तेव्हा रोटी गुणगुणत होती."

"काय करत होती?"

"गुणगुणत. माशी असते ना पेल्यात अडकलेली, तशी."

"पोरकिडे झाले असतील रोटीत," हैदरअली म्हणाले.

रिसोलतनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी रेडिओ खिशात घातला. त्यानंतर तिनं रोटीचं नाव काढलं नाही.

हैदरअलींची पुढली चूक म्हणजे समोरच्या कोमिलला बोलावणं. कोमिल टॅक्सी चालवायचा. जगातलं कुठलंही यंत्र हे मुळात गाडीच, अशी त्याची श्रद्धा.

"उस्ताद, दुखणं वायरीत असतं," तो म्हणाला, आणि सगळ्या वायरी म्हशीच्या शेपटीसारख्या पिळल्या. मग स्पीकरच्या पाठीत दोन धपाटे घातले. "माझी डिकी अशीच उघडते."

"हे डिकी नाही."

"माहितेय हो. डिकी असती तर उघडली असती."

कोमिलच्या मागोमाग ओयनिसा खाला आल्या, कारण कोमिल कुणाकडे गेला हे त्यांना न कळता कधी राहिलंच नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, स्पीकरांकडे पाहिलं, आणि निदान केलं. नजर. काळे डबे, त्यांना काळी नजर. त्यांनी तव्यावर नजर उतरवायचं हरमल टाकून असा धूर केला की खोलीत माणूस माणसाला दिसेना. धुरातून पडद्यावरचं जहाज पेटल्यासारखं दिसायला लागलं, आणि रिसोलतला रडू कोसळलं. मग सगळे अंगणात येऊन खोकत बसले.

धूर निवळला तरी आवाज नव्हता, पण गल्ली जमली होती. आणि गल्ली जमली की गप्प बसत नाही. पोराच्या ओठांवरून शब्द ओळखायचं ठरलं.

"लग्न केलंय त्यानं," ओयनिसा खाला म्हणाल्या. "छातीवर हात ठेवला बघा. माणूस छातीवर हात दोनदाच ठेवतो. लग्न ठरल्यावर, नाहीतर पुलाव जास्त झाल्यावर. आणि वाळलाय बघा किती. पुलाव नक्कीच नाही."

"गाडी आणतोय," कोमिल म्हणाला. "तिकडे स्वस्त मिळतात. मध्येच हात असा फिरवला, बघितलात? स्टिअरिंग आहे ते."

"तो कान खाजवतोय रे."

"आधी कान, मग स्टिअरिंग."

शेवटी महल्ल्याचे अध्यक्ष मुरोद बाबा आले. त्यांना मानाची जागा मिळाली, मानाचा अर्धाच पेला चहा मिळाला. त्यांनी डिस्क पुन्हा पुन्हा पाहिली, दाढीवरून हात फिरवला.

"येतोय," ते म्हणाले. "मान खाली घालून वर केली, तो होकार आहे. नकाराला मान आडवी जाते."

यावर मतदान झालं म्हणायला हरकत नाही. खाला बायकोसकट येण्याच्या बाजूनं, कोमिल गाडीसकट येण्याच्या बाजूनं, पण येण्याच्या बाजूनं सगळेच. एकटी रिसोलत भिंतीला टेकून होती. तिचा गाल रोटीच्या फडक्याला लागला होता. आईचं मन, असं सगळ्यांना वाटलं, आणि कुणी तिकडे फार पाहिलं नाही.

माणसाला जे हवं असतं ते त्याला पांढऱ्या दाढीतून आलं की लगेच पटतं. हैदरअलींनी दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाचा डबा आणला. फाटकाच्या दोन्ही दारांचा रंग उडाला होता, आणि पोरगं समुद्रावरून येणार म्हणजे त्याला आल्या आल्या निळं दिसलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. डावं दार खरवडायला घेतलं. मध्येच आत यायचे, डिस्क लावायचे, स्पीकर उलटे करून बघायचे, चिडायचे, परत ब्रश घ्यायचे.

"चालू राहू द्या," रिसोलत म्हणायची. "तोंड तरी दिसतं."

मग ते बाहेर रंग लावत आणि ती आत भिंतीपाशी उभी राही. उघड्या खिडकीतून तिचं गाणं कधी कधी त्यांच्या कानावर येई, जात्यावर बसल्यासारखं संथ:

*एक घास तू खाल्ला, बाकी भिंतीनं राखिला,*
*तुझ्या वाटेचा रे धागा, खिळ्याला मी बांधियेला.*

गाणं मध्येच थांबायचं. हैदरअलींना वाटे, कंठ दाटला असेल.

रस्त्यानं जाणारे मात्र विचारायचं सोडत नव्हते. "उस्ताद, आवाज?" दूधवाला विचारी, मशिदीतून येणारे म्हातारे विचारत. थेटरातल्या शिट्ट्या बऱ्या होत्या. त्या अंधारात असत, आणि तिकीट काढलेली माणसं मारीत.

शेवटी हैदरअली बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याला पेटी कशी दिसते ते सांगितलं, आणि प्रामाणिकपणा नडतो तो असा, पेटीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलाय हेही सांगितलं. रेशीम कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या सामानातून उल्मसनं ती घेतली होती.

"नंबर म्हणजे सरकारी," दुरुस्तीवाला म्हणाला. "महल्ल्याचा दाखला आणा, मग हात लावतो."

मुरोद बाबांनी कचेरीत दाखल्याचा कागद काढला, शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि थांबले.

"पेटी कुणाच्या नावावर?"

"उल्मसच्या."

"मग सही त्याची हवी."

"बाबा, तो समुद्रात आहे."

"ठीक आहे. परतीची तारीख लिहितो, तोवर दाखला तात्पुरता. तारीख काय?"

"ती डिस्कवर आहे."

"मग ऐकून या."

"ऐकू येत नाही म्हणूनच तर दाखला हवाय."

मुरोद बाबांनी शिक्का खाली ठेवला. "गाढव विहिरीभोवती फिरतं तेव्हा निदान पाणी तरी वर येतं," असं अखेर मुरोद बाबा म्हणाले, आणि कागद परत फाइलीत गेला.

मग कोमिलला सुचलं. रविवारी दुपारी तो थेट लग्नाच्या हॉलमधले स्पीकर गाडीच्या टपावर बांधून घेऊन आला. कपाटाएवढे दोन, एक ॲम्प्लिफायर आणि माइक.

"उस्ताद, आवाज कुठून येतोय ते बघा. समुद्र, बर्फ, डोंगर. थकून येतो बिचारा. त्याला ओढायला मोठी मशीन लागते."

याला काही अर्थ नाही, हे हैदरअलींना कळत होतं. पण हे स्पीकर त्यांच्याच थेटरातले होते. लाकडावरचा सिगरेटचा डाग त्यांनीच पाडलेला. त्यांनी त्या डागावरून बोट फिरवलं आणि हो म्हणाले.

एक कपाट आत राहिलं, दुसरं मावेना म्हणून अंगणात ठेवलं, गल्लीकडे तोंड करून. जोडाजोड झाली. डिस्क लावली. उल्मस हसला, कान खाजवला. कपाटं गप्प. खालांनी परत हरमल पेटवायला घेतलं, तेव्हा हैदरअलींनी रिसोलतला बाजूला घेऊन, माइकला पाठ लावून, हळूच सांगितलं:

"या खालाला आवरा बाई. नजर लागायची तर हिच्या जिभेला कशी लागत नाही कुणाची."

ते गल्लीभर ऐकू आलं. पाटापलीकडच्या गल्लीतही गेलं, असं नंतर कळलं. माइकचं बटण चालू होतं, आणि थेटराचे स्पीकर, हैदरअलींच्याच हातचे, एक अक्षर गिळत नव्हते. घाबरून त्यांनी माइकवर झडप घातली, माइकनं किंकाळी फोडली, खांबावर फटकन ठिणगी उडाली, आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली.

खाला उठल्या. डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"बारशाला या पोराला मी पाळण्यात घातलं होतं, हैदर," त्या म्हणाल्या, आणि चालत्या झाल्या.

"उस्ताद, एक मात्र खरं," कोमिल म्हणाला. "स्पीकर उत्तम आहेत."

रिसोलतनं कोमिलचा पेला उचलला आणि काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला. अर्धा पेला मानाचा आणि भरला पेला म्हणजे आता निघा, हे कोमिलला समजत होतं. तो प्यायला आणि फ्यूज बघायला खांबाकडे गेला. मुरोद बाबा खालांची समजूत काढायला गेले. गल्ली त्यांच्या मागे गेली, कारण समजूत बघण्यासारखी होणार होती.

घर रिकामं झालं. हैदरअली गादीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं दिवा आला, पंखे कुरकुरले. त्यांनी उठून, का कुणास ठाऊक, मोठ्या स्पीकरांच्या वायरी काढून टाकल्या, छोटे डबेही बंद केले आणि नुसतं चित्र लावलं. हरलेला माणूस करतो तसं. उल्मस हसला.

आणि हैदरअलींना आवाज ऐकू आला.

अगदी बारीक. पेल्यात अडकलेल्या माशीएवढा. पण त्या कानांनी उभी हयात अंधारात आवाजच शोधले होते. इतके दिवस सगळ्यांनी खटपट केली, धपाटे घातले, भांडले, मतदान केलं. उल्मस बोलत असताना या घरात कुणी गप्प बसलंच नव्हतं.

ते आवाजामागे गेले. टेबलापाशी, भिंतीपाशी, खिळ्यापाशी. फडक्याला कान लावला. आत रोटी बोलत होती, पोराच्या आवाजात.

त्यांनी फडक्याची गाठ हातानं चाचपली. गाठीतून एक काळी वायर निघाली होती. ती भरतकामाच्या पडद्यामागून खाली उतरून मखमली झुलीत शिरली होती. झूल बोटभर उचलली. पेटीच्या पुढल्या अंगाला, एका छोट्या भोकात, उल्मसच्या इअरफोनचा प्लग तसाच रुतलेला होता, त्यानं घास घ्यायला कानातून वायरी उपटल्या त्या दिवशीपासून. तो तिथं होता तोवर मागच्या डब्यांना एक शब्द मिळणार नव्हता. सगळा आवाज पुढून चालला होता.

"त्याच्या कानातलं होतं," रिसोलत मागून म्हणाली. "शेवटचा घास आणि शेवटचं कानातलं. म्हटलं, एकत्र बांधून ठेवावं."

हैदरअलींचा हात प्लगवर गेला. नुसता ओढायचा अवकाश. डबे बोलले असते, गल्ली धावत आली असती, उस्ताद पुन्हा उस्ताद झाले असते. रिसोलतनं त्या हाताकडे पाहिलं.

त्यांनी हात काढून घेतला. फडक्याची गाठ सैल केली, इअरफोनची दोन्ही बोंडं बाहेर ओढली. रोटी दगडासारखी वाळली होती, घासाची कोर मात्र तशीच होती, दातांच्या खुणांसकट. एक बोंड त्यांनी रिसोलतच्या कानात घातलं, एक आपल्या. वायर आखूड होती. डोक्याला डोकं लागलं. असं ते तरुणपणीही कधी बसले नव्हते.

"आई, बाबा," उल्मस म्हणाला, "मी बरा आहे. मासे इतके खातो की आता अंगावर खवले येतील." तो हसला. कान खाजवला. "ऐका. या शरदात जमत नाही. बदलीचा माणूस आला नाही, आणखी एक हंगाम काढायला लागतोय." मान खाली गेली, वर आली. "रागावू नका. तुती पिकेल तेव्हा बघतो. आई, रोटीला उंदीर लागू देऊ नको. आणि बाबांना सांग, फाटकाला हात लावू नका, उन्हात उभे राहून परत पाठ धरेल. मी आलो की रंगवतो." छातीवर हात ठेवला. "इथं सगळं ठीक आहे."

चित्र संपलं.

हैदरअलींना हळूहळू काहीतरी कळत गेलं. रिसोलत दचकली नव्हती. "उंदीर" म्हणायच्या आधीच तिचे ओठ हलले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"रोटीनं सांगितलं. तुम्ही बाहेर असलात की सांगायची."

"मग मला का नाही बोललात?"

"सांगितलं होतं ना, गुणगुणते म्हणून. तुम्ही पोरकिडे म्हणालात. आणि नंतर तुम्ही रंग लावत होता. इतक्या दिवसांनी तोंडानं शीळ घालत होता. म्हटलं, एक दार तेवढं होऊन जाऊ दे."

तिनं बोंडं परत रोटीपाशी ठेवली आणि गाठ मारली. प्लगला कुणी हात लावला नाही.

फाटकापाशी गल्ली परत आली तेव्हा हैदरअली बाहेर उभे होते. पुढे मुरोद बाबा, त्यांच्यामागे अर्धवट समजूत पटलेल्या खाला, मागे कोमिल, हाताला काजळी.

"उस्ताद, आवाज?" कोमिलनं विचारलं.

"आला."

गल्ली गप्प झाली. पहिल्यांदाच.

"काय म्हणतो?" खालांना रुसवा धरवेना.

"रोटी सांभाळा म्हणतो," हैदरअली म्हणाले. "खाला, आत या. चहा टाकलाय. माझी जीभ काळी, तुम्ही नका मनावर घेऊ."

खालांनी जरा वेळ घेतला, मान राखण्याइतका. मग आत वळल्या, आणि वळता वळता फाटकाकडे पाहिलं. डावं दार निळं झालं होतं, आभाळासारखं. उजवं तसंच, रंग उडालेलं, खरवडलेलंही नाही.

"आणि हे अर्धंच का ठेवलंस, हैदर? रंग संपला?"

"आहे की," हैदरअली म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण बसवलं, तळव्यानं ठोकून घट्ट केलं. ब्रश पाटावर धुतला, निथळला, जुन्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळला, आणि उजव्या दाराच्या आतल्या खिळ्याला टांगून ठेवला.